खाली सरकत गेलेले खिळे

चौऱ्याण्णव साली पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या इमारतीत कुणाला चोरी करायची असती, तर त्याला फक्त माझं दार उघडावं लागलं असतं. आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर खिळे, आणि खिळ्यांना आमच्या जिन्यावरच्या सगळ्या घरांच्या चाव्या. पण चोराला तशी संधी मिळणं कठीण होतं, कारण मी घरात नाही असं कधी व्हायचंच नाही. "उर्मिलाकाकी असतातच घरी," असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

आम्ही गिरगावातून इथे आलो तेव्हा इमारत कोरी होती, भिंतींना रंगाचा वास होता. बहुतेक बिऱ्हाडं नोकरीवाली. सकाळी पांगायची ती दिवेलागणीला परतायची. पहिली चावी दिली वरच्या सुचेताने. ती बँकेत. "काकी, आज सिलिंडर येणारे, घ्याल का जरा?" मी म्हटलं, "अगं, त्यात काय!" माझं हे "त्यात काय" हां हां म्हणता जिनाभर पसरलं. समोरच्या वोराभाभींची चावी आली, तळमजल्याची आली. मग सरूबाई. ती पेणकरपाड्यातून यायची, आमच्या जिन्यावर चार घरची भांडी घासायची, आणि चारही घरं तिला माझ्याकडूनच उघडून मिळायची.

मला यात मजा यायची, खोटं कशाला बोलू. कुणाचं दार गुडघ्याने रेटायला लागतं, कुणाची चावी अर्धी बाहेर ओढून फिरवायची, हे सगळं मला पाठ होतं. त्या दारांच्या मालकांपेक्षा जास्त.

गणपती गेले आणि माझा उजवा खांदा धरला. आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल. मग वरच्या खिळ्यापर्यंत हात पोचेना. मी हरिश्चंद्रांना, म्हणजे आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, हे खिळे जरा खाली ठोकून द्या." ह्यांनी रविवारी पेपर बाजूला ठेवून ते केलं. का, असं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दिवाळीनंतर ती ओळही उंच वाटायला लागली. पुन्हा रविवार, पुन्हा हातोडी. तोवर माझं अंबाडा घालणं सुटलं होतं. हात मागे जातच नव्हता, म्हणून मी केस खांद्यावरून पुढे घेऊन कशीबशी वेणी घालायची आणि विचारलं तर सांगायची, "आता या वयात कसला अंबाडा!"

जानेवारीत मार्सेलिन आली. उत्तनची पोरगी, सिल्व्हर पार्कमध्ये तळमजल्याच्या गाळ्यात तिने हाडं-सांध्यांच्या व्यायामाचा दवाखाना काढला होता. वोराभाभींच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला ती आठवड्यातून दोनदा घरी यायची. भाभी दुकानावर गेलेल्या, म्हाताऱ्या आजी अंथरुणात, तेव्हा चावी अर्थातच माझ्याकडून.

पहिल्याच दिवशी मी चावी काढायला वळले आणि ती दारातच थांबली.

"काकी, डाव्या हाताने का काढताय?"

"अशीच."

"उजवा वर करा बघू."

मी केला. छातीपर्यंत आला आणि थांबला. तिने माझं कोपर हलकेच धरून आणखी उचलायला घेतलं तशी मी ओरडले. ती मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर भिंतीवर होती.

"ही भोकं कसली?"

"आधीचे खिळे तिथे होते. मग हात पोचेना, म्हणून खाली घेतले. मग आणखी खाली." मी जरा कौतुकानेच सांगितलं. आपली युक्ती सांगावी तशी.

मार्सेलिन हसली. मग हसता हसता थांबली. "खांदा धरला म्हणून तुम्ही भिंतीचे खिळे खाली आणलेत?"

खरं सांगते, तोपर्यंत यात मला काही वावगं दिसलंच नव्हतं. दोन ओळी भोकं दिवसातून दहादा डोळ्यांसमोरून जात होती, आणि असं का करतोय आपण, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. तो एका परक्या मुलीने विचारला आणि मग मात्र माझा पिच्छा सोडीना.

"रोज तीन वाजता दवाखान्यात या," ती म्हणाली. "शेक देते, व्यायाम घेते. घरी आपोआप व्हायचं न्हाय हे. आणखी लांबवलंत तर हा हात असाच राहून जाईल. मग तुमची वेणी दुसऱ्यालाच घालावी लागेल."

"तीनला सरूबाई येते."

"मग कधी जमेल?"

मी दिवस डोळ्यांपुढे आणला. सकाळी दुधाच्या पिशव्या. मग इस्त्रीवाला. दुपारी सरूबाई आणि आजींची गोळी, संध्याकाळी सुचेताच्या झाडांना पाणी. दिवसभर घरात असणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक तास सापडेना! मला रडू यायला हवं होतं, पण त्या क्षणी मला ते भलतंच नवल वाटलं. माझा दिवस गेला कुठे?

मी आधी सगळ्यांना विचारायचं ठरवलं. विचारल्याशिवाय काही करायची मला सवयच नव्हती.

सुचेता म्हणाली, "अय्या, जा ना काकी! विचारताय काय! फक्त सरूबाईला आत सोडून जा. आणि तिचं होईपर्यंत थांबलात तर बरं, म्हणजे लॅच नीट लागेल."

वोराभाभी म्हणाल्या, "अरे जाओ ने उर्मिलाबेन, तब्येत पहले! बस, मम्मीजीला तीन वाजता गोळी द्यायची, तेवढी देऊन जाओ. फिर चाय पिती है वो."

तळमजल्याचे शशिकांत म्हणाले, "वहिनी, हात म्हणजे महत्त्वाचा. फक्त गुरुवार सोडून जा, गुरुवारी माझं पार्सल येतं."

ह्यांनी तर सगळ्यावर कडी केली. "त्या मुलीला सांग ना, रात्री दवाखाना उघड म्हणून."

कुणीही नको म्हटलं नाही. सगळ्यांना माझी काळजी होती आणि सगळ्यांचं एकेक "फक्त" होतं. ती सगळी सांभाळली तर दवाखान्याच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचले नसते. मी घरी बसले. माघ गेला, होळी आली. रात्री कुशीवर वळता येईना.

होळीनंतर तिसरी ओळही वर गेल्यासारखी वाटायला लागली. हे ऑडिटच्या गडबडीत होते, म्हणून मी वॉचमन दशरथला हातोडी घेऊन बोलावलं. तो खिळा धरून वाकला, आणखी वाकला, आणि शेवटी उकिडवाच बसला.

"इथे? काकी, इथून तर मांजर पण चावी घेऊन जाईल."

मी बघितलं. खिळा माझ्या मांडीच्या उंचीला आला होता. त्याच्या वर ओळीने भोकं, सगळ्यात वरची माझ्या डोक्यापेक्षा उंच. एके काळी मी तिथे पोचत होते! सहज, बोलता बोलता. आणि यापुढची ओळ कुठे येणार? फरशीवर? मग काय, मी भुईवर बसून चाव्या वाटणार? माझा मलाच इतका राग आला की कानशिलं तापली.

"ठेव तो खिळा," मी म्हटलं. "जा तू."

तीन वाजायला आले होते. मी चपला घातल्या, पर्स घेतली, आमच्या दाराची चावी घेतली. आजींची गोळी आणि पाणी तेवढं त्यांच्या उशाशी ठेवून आले, कारण म्हाताऱ्या माणसाशी मला भांडायचं नव्हतं. बाकी सगळ्या चाव्या भिंतीवर ठेवून दार ओढून घेतलं. लॅच लागल्याचा आवाज आला. वाटलं, परत उघडावं. आत्ता सरूबाई येईल, काय म्हणेल? सुचेता काय म्हणेल? मी गेटपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं.

रस्त्यावर आल्यावर मात्र मी बघतच राहिले. दुपारी तीनचा आमचा रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता. अर्धवट बांधलेल्या इमारतीत गवंडीकाम करणारे कडिया लोक जेवून आडवे झाले होते. मिठागराकडून येणारा वारा खारट होता. एक उसाचा गाडा माझ्या घरापासून इतक्या जवळ उभा राहतो, हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं इथे राहून!

मार्सेलिनने खुर्ची पुढे केली. "आलात?" म्हणाली, आणि शेकाची पिशवी खांद्यावर ठेवली. मग मला भिंतीसमोर उभं करून उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवली. "आता बोटांनी वर चढा. मुंगी चढते तशी. जिथे दुखेल तिथे थांबा, श्वास घ्या, मग अजून थोडं." बोटं अडली तिथे तिने माझ्याकडून पेन्सिलीने खूण करून घेतली. "घरी पण हेच. रोज खूण करायची."

परत आले तर जिन्यात दोन माणसं बसलेली. खालच्या पायरीवर सरूबाई, वरच्या पायरीवर मांडीवर बॅग घेतलेले आमचे हे. ऑडिट लवकर आटपलं होतं.

"तुमी दार लावून गेलात, म्हनून मी बी वाईस बसले," सरूबाई मला बघून खूश होऊन म्हणाली. "किती दिसांनी दुपारची बसले हाय!"

हे मात्र घाबरले होते. "कुठे गेली होतीस? मी किती वेळ बेल मारतोय!"

"हात दाखवायला."

"मग मी आत कसं जायचं?"

"चावीने."

"माझ्याकडे कुठाय चावी?"

मी हातातल्या चावीकडे बघितलं. जिन्यावरच्या प्रत्येक घराची चावी आमच्या भिंतीवर होती आणि घराच्या मालकाच्या खिशात स्वतःच्या दाराची चावी नव्हती. त्यांनी कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही. बेल वाजली की मी उघडायची.

"तू असतेसच की," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, साधं आश्चर्य होतं. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं.

त्याच संध्याकाळी मी सगळ्या चाव्या ताटात काढल्या आणि एकेका दाराशी गेले. हे वाचायला सोपं वाटेल. सुचेताच्या दाराशी मी बेलवरचं बोट दोनदा मागे घेतलं.

"काकी, आमचं काही चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही गं. तीन ते पाच मी आता घरात नसते. त्यामुळे चावी तुझी तू ठेव."

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी..." नेहमीचं "त्यात काय" अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "बाकीच्या वेळीही नको."

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. मग काय होतं ते मी मोठ्या उत्सुकतेने बघत बसले. सुचेताने सरूबाईला एक जादा चावी करून दिली. एवढंच. शशिकांतांचं पार्सल दशरथ घ्यायला लागला. वोराभाभी मात्र रुसल्या. त्यांच्याकडून खायला येणारा हांडवा बंद झाला, जिन्यात भेटल्या तर मान वळवायच्या. मला ते फार लागलं. दोन-तीनदा वाटलं, जावं आणि चावी मागून आणावी. गेले नाही. पुढे त्यांनी आजींसाठी दुपारची बाई ठेवली, आणि एके दिवशी हांडवाही आला, आधीपेक्षा थोडा कमी.

ह्यांना चावी करून दिली ती त्यांनी जानव्यासारखी जपली, पण वापरायचं काही त्यांना सुचेना. हात आपला बेलवरच.

आणि मी घरी रोज भिंतीवर बोटांनी चढत होते. पेन्सिल लागलीच नाही. खुणा होत्याच की! मांडीजवळचा एकुलता खिळा दशरथने अर्धवट ठोकला होता, तो उपटून टाकला. वरची प्रत्येक ओळ माझी एकेक पायरी झाली. वैशाखात दुसऱ्या ओळीच्या भोकात बोट गेलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. वरची ओळ मात्र बोटभर लांबच राहायची.

जूनमधली संध्याकाळ. मी भिंतीला लागून उभी होते, बोटं वरच्या ओळीखाली टेकलेली, खांद्यातून कळ येत होती, श्वास घेत थांबले होते. तेवढ्यात बेल वाजली.

सगळं अंग दाराकडे वळलं. हात खाली यायला लागला. मी त्याला तिथेच धरला.

पुन्हा बेल. मग चावीचा खडखडाट. एकदा, दोनदा. मग ह्यांचा आवाज, "उर्मिला! अगं, फिरत नाहीये ही! उघड गं!"

दार माझ्यापासून दोन पावलांवर होतं.

"अर्धी बाहेर ओढा," मी भिंतीशी तोंड ठेवून ओरडले, "आणि डावीकडे फिरवा!"

"तू काय करतेयस?"

"मला वेळ आहे अजून!"

मग पुन्हा धातूचा आवाज, चावी घासली, अडली. मी श्वास सोडला आणि बोट वर सरकवलं. आणखी एक कळ. आणखी थोडं. नखाला वरच्या भोकाची चुन्याची कड लागली, आणि बोट आत गेलं.

लॅच उघडल्याचा आवाज त्याच्या पाठोपाठ आला. हे दारात उभे होते, हातात चावी, चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलाचा आनंद.

"उघडलं!" ते म्हणाले.

"माझंही," मी म्हटलं, आणि हात तिथेच वर ठेवून त्यांच्याकडे बघितलं.