छपरावरचे बारा चौकोन

बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं नमुने तपासले. हजारातला एक पुडा उचलायचा, फोडायचा, बिस्किट मोडून त्याचा आवाज ऐकायचा, चावायचं आणि कागदावर शेरा मारायचा. सगळे त्यांना नमुनासाहेब म्हणत. या नावाला दोन अर्थ आहेत हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. साहेबांना त्यातला एकच कळायचा, आणि तो त्यांना आवडायचाही.

त्यांची बायको याच्या अगदी उलट. तिची सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीवर गेली. समोर आलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात वाटेला लावायचं, हा तिचा हातखंडा. लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी फक्त नवऱ्याला वाटेला लावणं तिला जमलं नव्हतं.

दोघं निवृत्त झाली आणि छपराचा विषय निघाला.

घर बैठं, तीन खोल्यांचं, वर दोन उतारांचं पत्र्याचं छप्पर. पत्रे बावीस वर्षांचे. एकेकाळी लालभडक होते, आता धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलसारखे दिसायचे. हात फिरवला की तळव्याला पांढरट भुकटी लागायची आणि स्क्रूंच्या भोवती गंजाची कडी उमटली होती. गळत मात्र कुठेच नव्हतं, आणि घोडं अडलं होतं ते तिथेच. गळत असतं तर निर्णय सोपा होता.

साहेबांनी आधी जाणकारांना विचारलं. रंगारी आला. तो फाटकाच्या आतही शिरला नाही. तिथूनच मान वर करून म्हणाला, "रंग द्या. आजच द्या."

मग पत्रेवाला आला. त्याने काठीने पत्रा ठोकला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "ऐकलात आवाज? खोकतोय हा. रंगाबिंगाच्या पलीकडे गेलं प्रकरण. सगळे पत्रे बदला."

तिसरा बायकोचा भाऊ. त्याच्या स्वतःच्या घरावर सिमेंटचा स्लॅब होता, त्यामुळे पत्र्यांकडे तो तत्त्वज्ञाच्या नजरेने बघू शकत होता. "भावोजी, काहीही करू नका. गंज म्हणजे लोखंडाने स्वतःच स्वतःला दिलेला रंग."

साहेबांनी तिघांची मतं तीन वेगळ्या पानांवर उतरवून घेतली, पानं फायलीत लावली आणि फायलीवर 'छप्पर' असं लिहिलं. मग बायकोला म्हणाले, "मतांवर निर्णय होत नसतो. चाचणी घ्यावी लागेल."

"चाचणी म्हणजे?"

चाचणी म्हणजे काय ते आठवड्याभरात सगळ्या गल्लीला कळलं. रस्त्याकडच्या उतारावर साहेबांनी फूटभर लांबीरुंदीचे बारा चौकोन आखले आणि प्रत्येकाला वेगळा रंग फासला. काही प्रायमरवर, काही प्रायमरशिवाय. पोपटी, करडा, पिवळा, चॉकलेटी, मोरपंखी, आणखी काय काय. विटक्या लाल छपरावर ते बारा चौकोन असे उठून दिसत, की गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या माणसाची पावलं तिथेच थांबायची.

बायकोने महिनाभर दम धरला. पण नवं कपाट पोचवायला आलेल्या टेम्पोवाल्याने फोनवर विचारलं, "छपराला गोवर उठलाय, तेच ना घर?" तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे तिला "हो" म्हणावं लागलं.

दर महिन्याला वर चढून नोंद करायची, असं साहेबांनी ठरवलं होतं. पण गुडघ्यांनी असहकार पुकारला. दोन वर्षांत नोंदी झाल्या तीन. त्यातलं एक पान छपरावरच राहिलं आणि पावसात त्याचा लगदा झाला. कुणी विचारलं की साहेब म्हणत, "माहिती अपुरी आहे." छपराचं भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.

शेवटी एका शुक्रवारी बायको म्हणाली, "रविवार संध्याकाळपर्यंत ठरवा. नाहीतर सोमवारी मी ठरवते."

"अगं, पण इतक्या घाईत…"

"दोन वर्षं झाली. हत्तीणसुद्धा मोकळी होते एवढ्यात."

रविवारी सकाळी ती बहिणीकडे निघाली. निघताना तिने बजावलं, "मी नसताना वर चढायचं नाही." साहेबांनी मान डोलावली. ती कोपऱ्यावर वळताच त्यांनी गल्लीतल्या वायरमनकडून अर्ध्या तासाच्या बोलीवर शिडी आणली. मोबाइल पडेल म्हणून टेबलावर ठेवला, चपला खाली काढल्या, फाईल काखेत मारली आणि देवळाची पायरी चढावी तसे एकेक पाऊल टाकत वर गेले.

वर गेल्यावर दहा मिनिटांत त्यांच्या पायांखालचा पत्रा सरकल्यासारखं झालं.

ते निळ्या चौकोनासमोर उकिडवे बसले होते. निळा फिकट दिसत होता. पण कशापेक्षा फिकट? लावला तेव्हा तो कसा होता? त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. आठवेना. मूळ रंगाचा एकही तुकडा त्यांनी राखून ठेवला नव्हता. ताज्या मालाचा एक नमुना कपाटात बंद ठेवायचा आणि पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं, हा कारखान्यातला पहिल्या दिवसाचा धडा. तो त्यांनीच पन्नासेक जणांना शिकवला होता. आणि स्वतःच्या घराच्या डोक्यावर मात्र… साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या हाताला भुकटी लागलेली होती, त्यामुळे कपाळ पांढरं झालं.

झाल्या प्रकाराची लाज बाहेरच्या कुणाला दिसू नये म्हणून की काय, ते सरपटत मागच्या उतारावर गेले आणि तिथे बराच वेळ स्क्रू मोजत बसले. तोवर अर्धा तास कधीच उलटून गेला होता. वायरमन आला. त्याने दोन हाका मारल्या, फाटकाची कडी वाजवली आणि कुणी ओ देईना तेव्हा शिडी खांद्यावर टाकून चालता झाला.

"गेला हो तो शिडी घेऊन!"

साहेब दचकले. आवाज बाईचा होता, पण खालून येत नव्हता. त्यांनी छपराच्या माथ्यावरून डोकं वर काढलं. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खिडकी होती, खिडकीला लागून पलंग, आणि पलंगावर उशांना टेकून एक म्हातारी बाई बसली होती. केस पांढरेशुभ्र, चष्मा जाड.

"मी ओरडले त्याला," ती म्हणाली. "पण माझा आवाज खाली नाही पोचत. सरळ पोचतो."

"मावशी, घरात कुणी आहे का? शिडीचं जरा…"

"मुलगा आणि सून बाजारात गेलीत. येतील तासाभरात. बसा तोवर. उन्हात बसू नका म्हटलं असतं, पण तिथे दुसरं काही नाहीच."

पत्रा तापायला लागला होता. साहेबांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा, मग दोन्ही एकदम उचलता येत नाहीत हे लक्षात आल्यावर फाईल खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. दोन वर्षांत फायलीचा हा पहिलाच उपयोग.

"निळ्याकडे बघत होता मघाशी," मावशी म्हणाल्या. "उडाला तो. पहिल्या उन्हाळ्यातच. लावलात तेव्हा शाईसारखा होता. नवी दौत उघडल्यावर असते ना, तशी."

साहेब सावरून बसले. "तुम्हाला आठवतो तो?"

"न आठवायला काय झालं? चाळीस वर्षं दोऱ्याच्या दुकानात काढलीत मी. गिऱ्हाईक बोटभर चिंधी घेऊन यायचं, मी मागे न बघता फळीवरचं रीळ काढून द्यायची. तुम्ही ते चौकोन रंगवलेत ना, त्याच आठवड्यात मी मांडीचं हाड मोडून या पलंगावर आले. खिडकीतून दोनच गोष्टी दिसतात, आभाळ आणि तुमचं छप्पर. आभाळाबद्दल आपलं मत कुणी विचारत नाही. म्हटलं, छप्पर बघू."

आणि मग त्यांनी ओळीने सांगायला सुरुवात केली. पोपटी दोन महिन्यांत हळदीवर गेला. प्रायमर नसलेल्या तिन्ही चौकोनांना पोपडे धरले, आधी वरच्या कडेला. पिवळा आठ महिने झळकला आणि मग बसला. चॉकलेटी टिकला, पण त्यावर कावळ्यांचं फार प्रेम. करडा दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे जसाच्या तसा.

 एकतीस वर्षांत साहेबांना असा सहकारी मिळाला नव्हता. खिशात पेन होतं, पण कागद सगळे बुडाखाली. उठावं तर भाजतं, न उठावं तर माहिती वाया जाते! शेवटी एका कुशीवर कलून त्यांनी तीन पानं ओढून काढली. रंगाऱ्याचं, पत्रेवाल्याचं आणि मेहुण्याचं मत खाली घालून मावशींचं म्हणणं त्यांच्या पाठीवर लिहून काढलं.

"म्हणजे करडा पहिला," साहेब आनंदाने म्हणाले. "ठरलं! करडा."

मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला.

"करडा लावलात तर मी खिडकी लावून घेईन," मावशी म्हणाल्या.

"का हो?"

"का म्हणजे? तुम्ही छपराखाली राहता. तुम्हाला काय दिसणार ते? बघायचं मला आहे. सकाळी डोळे उघडले की करडं, दुपारी करडं, पाऊस आला की वर करडं आणि खालीही करडं. पिवळा लावा. तो चौथा."

"मावशी, तो आठ महिन्यांत नापास झालाय! तुम्हीच सांगितलंत."

"पण ते आठ महिने काय होता!"

"नापास माल मी जन्मात पास केलेला नाही."

"मग दर आठ महिन्यांनी नवा हात मारा. तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?"

बायको बहिणीकडून परतली ती नेमकी या घटकेला. गल्लीच्या तोंडापासूनच तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. मग नवरा दिसला. कपाळ पांढरं, तोंड लाल, घराच्या माथ्यावर बसून समोरच्या खिडकीशी पिवळ्या रंगावरून हातवारे करत भांडतोय.

"अहो! खाली या आधी!"

"शिडी नाहीये!"

"मग वर गेलात कसे?"

याचं उत्तर लांबलचक होतं, आणि साहेब ते सुरुवातीपासून सांगायला लागले. बायकोला तेवढा वेळ नव्हता. पण शिडी आणायला जाण्याऐवजी ती समोरच्या घराचं नुसतं लोटलेलं दार ढकलून आत शिरली आणि दोन मिनिटांत मावशींच्या खिडकीत उगवली. एवढी वर्षं समोरासमोर राहूनही ती या खोलीत पहिल्यांदाच आली होती.

मावशी सरकल्या. ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि मावशी बघायच्या तिथून तिने छपराकडे पाहिलं. विटका लाल उतार, त्यावर बारा ठिगळं, आणि माथ्यावर तेरावं, तिचा नवरा. तिला आधी हसू आलं. मग तिने मावशींच्या उशाशी बघितलं, औषधाच्या बाटल्या, पाण्याचं भांडं, एक घंटी. पुन्हा छपराकडे बघितलं, आणि हसू ओसरलं.

"दोन वर्षं हेच बघताय तुम्ही?"

"चांगलं चाललंय माझं," मावशी म्हणाल्या. "फक्त ते करडं नको."

त्यानंतर दोघींची डोकी जवळ आली. साहेबांना ओठ हललेले दिसत होते, शब्द पोचत नव्हते. "काय बोलताय? मोठ्याने बोला!" ते ओरडले. कुणी लक्ष दिलं नाही. बायकोने बोट दाखवलं, मावशींनी मान हलवली. दुसरीकडे दाखवलं, मावशींनी विचार केला आणि काहीतरी सांगितलं. अर्धं मिनिट झालं असेल नसेल.

"ठरलं!" बायकोने हाक दिली.

"काय ठरलं?"

"मोरपंखी. खालच्या ओळीतला पहिला. पहिल्या उन्हाळ्यात जरासा उतरला आणि मग तिथेच थांबला. उन्हात निळा दिसतो आणि ढग आले की हिरवा, असं मावशी म्हणतात."

"पण तो दुसऱ्या क्रमांकावर आहे!"

"असू दे. शिडी आणते, तोवर हलू नका."

हे सांगायची गरज नव्हती. साहेबांचे दोन्ही पाय केव्हाच बधिर झाले होते.

मंगळवारी रंगारी आला. त्याने भुकटी घासून काढली, स्क्रूंच्या भोवतीचा गंज खरवडला, प्रायमर दिला, आणि रंगाचा डबा उघडून अर्धा उतार झपाझप संपवलाही. एवढ्यात हवेतून आवाज आला, "तिसऱ्या पत्र्यावर, डावीकडच्या स्क्रूखाली राहिलंय." रंगारी आधी खाली बघायला लागला, मग आभाळाकडे. दुपारपर्यंत त्याला खिडकी सापडली, पण त्यामुळे सूचना थांबल्या नाहीत. संध्याकाळी तो साहेबांना म्हणाला, "भिंती, दारं, रेल्वेचे डबे, सगळं रंगवलं मी. हात हलवायच्या आधी चूक सांगणारं कुणी भेटलं नव्हतं."

साहेबांनी त्याला धीर दिला, पण आतून त्यांना फार बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी पहिला हात वाळला. दुसरा द्यायचा का, असं रंगाऱ्याने शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या साहेबांना विचारलं. साहेबांनी तोंड उघडलं. महिनाभर निरीक्षण करून मग ठरवावं, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक आणि समोरच्या खिडकीतून एक, असे दोन आवाज एकदम आले: "द्या!" साहेबांनी तोंड मिटलं. आपल्याला काहीच ठरवायचं नाही, या विचाराने त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी खुर्ची अंगणात आणली आणि बऱ्याच वर्षांनी नुसतेच बसले.

काम संपल्यावर ते मावशींकडे गेले. सुनेने खुर्ची दिली, पण ते पलंगाच्या उशाशी उभेच राहिले. चोवीस वर्षं ते त्या छपराखाली राहिले होते, त्याच्यावर चढले होते, त्याच्यावर भाजले होते. पण अख्खं छप्पर त्यांनी एका नजरेत कधी पाहिलं नव्हतं. खिडकीभर मोरपंखी पसरलं होतं. 

"काय?" मावशींनी विचारलं.

"छान झालंय," साहेब म्हणाले. मग राहवेना म्हणून पुढे वाकले. "फक्त उजव्या कोपऱ्यात जरा गडद वाटतंय. तिथे जास्त हात बसला असेल का?"

"ती ढगाची सावली आहे," मावशी म्हणाल्या. "थांबा. सरकेल आता."

साहेब खुर्ची ओढून बसले. दोघं कोपऱ्याकडे बघत राहिली.