दुपारपुरता कोड

पाळणाघराच्या दारावरच्या कीपॅडचं एक बटण अडकायला लागलं, म्हणून तिथल्या मॅडमांचा फोन आला. माझी बायको तिथे मुलं सांभाळायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. तो कीपॅडही तिच्याच सांगण्यावरून मी बसवला होता. ती गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. दुसऱ्या कुणाला बोलवा, असं म्हणणार होतो, पण तोंडातून "येतो" निघून गेलं.

"दुपारी या, मुलं झोपलेली असतात," मॅडम म्हणाल्या. "आणि ते ड्रिल नका आणू हं. मागे त्या प्लंबरने अख्खी खोली उठवली होती. एकाला थोपटावं तर दुसरा उठून बसतोय."

ड्रिलचं काम नव्हतंच. स्टूल घेऊन दाराबाहेर बसलो, स्क्रू काढले, कीपॅड भिंतीवरून सोडवला. बटणाखालच्या रबरात जॅम जाऊन वाळला होता. कुण्या आईने मुलाचं तोंड पुसून त्याच हाताने कोड दाबला असणार. स्पिरिटने सगळं स्वच्छ केलं.

मॅडम दार अर्धं उघडून उभ्या होत्या. "आता उघडलाच आहे तर सगळे जुने कोड पुसून टाका. मुलं सोडून गेली, बायका बदलल्या, आणि कोड मात्र सगळ्यांचे चालू. ही घ्या नवी नावं."

बरोबर होतं त्यांचं. मीच हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. लोक चांगलं कुलूप घेतात आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा कोड वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. आतल्या दोन पिना जोडल्या, एक लांब बीप वाजला आणि सगळे कोड गेले. माझ्या बायकोचाही त्यातच होता, हे माझ्या लक्षात बीप वाजून गेल्यावर आलं.

मॅडम आत गेल्या. दार लागलं. मी एकेक नवा कोड घालायला लागलो, तेवढ्यात एक म्हातारी बाई पायरी चढून आली. तिचं बोट सवयीने भिंतीकडे गेलं आणि लोंबणाऱ्या वायरी बघून तसंच थांबलं.

"अगंबाई. मोडला का?"

"दुरुस्ती चाललीय, आजी. कुणाला न्यायला आलात?"

"न्यायला नाही." ती माझ्याकडे निरखून बघायला लागली. "तुम्ही मावशींचे मिस्टर ना? त्या म्हणायच्या, आमच्या ह्यांना घरात बोलतं करायलाही कोड लागतो."

मला हसू आलं. हे बायको मलाही ऐकवायची.

"तुमचा कोड सांगा, परत घालून देतो," मी म्हणालो. तिने हळू आवाजात चार आकडे सांगितले आणि नात कोणती तेही सांगितलं. नात यादीत होती. तिला न्यायला येणाऱ्यांत आईवडिलांची नावं होती. आजीचं नव्हतं.

मी तसं म्हटल्यावर ती पायरीवरच बसली. सुनेशी भांडण झालं होतं. "नको ते बोलले मी. तिच्या आईवरून बोलले." मुलगा बायकोला घेऊन वेगळा झाला आणि आईशी बोलणं टाकलं. मग ही रोज समोरच्या फुटपाथवर उभी राहायची. माझ्या बायकोने ते बघितलं आणि एक दिवस मुलं झोपल्यावर तिला स्वतः आत घेतलं. मॅडम त्या वेळी वरच्या मजल्यावर जेवत असतात. आजी नातीच्या गादीशेजारी बसायची, हात लावायची नाही, आणि नात जागी व्हायच्या आत निघून जायची.

"पुढे त्या आजारी पडल्या. म्हणाल्या, मी दार उघडायला नसेन, तुम्हाला कोडच देऊन ठेवते. तेवढ्या वेळेतच चालेल, एरवी नाही."

मी हातातला स्क्रू खाली ठेवला.

बायको अंथरुणाला खिळायच्या थोडं आधीची गोष्ट. औषधांनी ती फार बोलेनाशी झाली होती. एका संध्याकाळी एकदम म्हणाली, "काय हो, एखादा कोड फक्त दुपारपुरता चालू ठेवता येतो का?" मला इतकं बरं वाटलं! संसार सगळा "तुम्ही आणि तुमची बटणं" म्हणण्यात गेला, आणि आता ही आपणहून विचारतेय. मी कागदावर चित्र काढून दाखवलं, दोनदा तिच्याकडून म्हणवून घेतलं. कशासाठी हवंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. मग म्हणाली, मुलांना एकदा बघून येऊ या. मी तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. दाराशी सोडलं आणि मी रस्त्यावर टायरची हवा बघत बसलो.

"भाऊ, घालून द्या ना तेवढा," आजी म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

ते खरं होतं. मास्टर कोड माझ्या डोक्यात होता, हात कीपॅडवर होता. चार बटणं दाबायची की झालं. पण दारामागे दुसऱ्यांची मुलं झोपली होती. ज्या माणसाबद्दल मॅडमना माहीत नाही त्याला अशा दाराचा कोड द्यायचा नसतो. हे मी इतक्या जणांना बजावलंय की आता मलाच मोडता येईना.

"नाही जमणार, आजी."

"मावशींनी दिला."

"तिने केलं ते बरोबर नव्हतं."

बायको गेल्यावर तिच्याविरुद्ध मी पहिल्यांदा काही बोललो, ते असं परक्या बाईपुढे.

"मॅडमना सांगू. त्या तुमच्या मुलाला फोन करतील. रीतसर परवानगी मिळाली तर चोरून यायला नको."

"नको हो. तो नाही म्हणाला तर हेही जाईल."

"आणि हो म्हणाला तर?"

ती गप्प राहिली. ते मी होकारात धरलं.

मॅडमना बाहेर बोलावून सगळं सांगितलं, तसा त्यांचा चेहरा पडला. "मावशींनी? आमच्या मावशींनी?" त्यांनी आजीच्या मुलाला फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या, आणि तुम्हीच सांगा म्हणून माझ्या हातात दिला. मी जे होतं ते सांगितलं.

"रोज यायची?" त्याने विचारलं.

"हो."

"जवळ घ्यायची तिला?"

"नाही. नुसतं बघायच्या."

मला वाटलं, आता हो म्हणेल. पण तो म्हणाला, "माझ्या बायकोला हे कळलं तर ती उद्याच पोरीला तिथून काढेल. दुसरं पाळणाघर आम्हाला परवडत नाही. आईला म्हणावं, येऊ नकोस. आणि त्या मावशींवर आम्ही विश्वास ठेवला होता."

शेवटचं वाक्य मी आजीला सांगितलं नाही. आधीचं सांगितलं. सांगताना "तो विचारत होता, रोज यायची का," हेही घातलं, कारण दुसरं द्यायला काही नव्हतं.

"विचारलं होय?" ती म्हणाली. पायरीशेजारच्या कठड्याला धरून उठली. "आज तरी..." म्हणून दाराकडे बघितलं आणि मॅडमकडे बघून पुढचं बोलली नाही. मॅडमनी मान खाली घातली, पण दार धरून उभ्या राहिल्या.

आजी फुटपाथवर थांबली नाही. वळून सरळ गेली.

मी राहिलेली नावं घातली. प्रत्येक कोड दाबून दार उघडतंय का बघितलं, बॅटरी तपासली, कीपॅड भिंतीला लावला. काम चोख झालं, मॅडम तसं म्हणाल्याही. पण त्यांच्या बोलण्यात मावशींचं नाव पुन्हा आलं नाही. एरवी दर वाक्याला यायचं.

घरी येऊन चहा ठेवला. ती असती तर हातातलं टाकून माझ्यावर ओरडली असती. "अहो, विचारायला सांगितलं कुणी तुम्हाला? म्हातारी येते, बसते, जाते. तुमचं काय जात होतं?" मी म्हणालो असतो, नियम असतो. ती म्हणाली असती, घाला चुलीत. मग दोन दिवस अबोला. मग तिने काहीतरी युक्ती काढली असती. तिला सुचायच्या. मी गॅसपाशी उभा राहून बराच वेळ विचार केला, पण मला एकही सुचली नाही.