लुसिकिसिकीच्या बाजारात मारलेली हाक

ज्या जोड्यांमागून नोसाखेले अर्धा बाजार तुडवत आली, ते जोडे तिच्या सासऱ्यांचे नव्हतेच.

हे तिला कळले ते जोडे एका पिकअपपाशी थांबले तेव्हा. तपकिरी, टाचेला टायरचा तुकडा ठोकलेले, नाडीच्या जागी सुतळी. सगळे तस्सेच. ती नेहमीसारखी चार हात मागे, मान खाली घालून, खांद्यावरची शाल सावरत उभी राहिली. वरून आवाज आला तो मात्र भलताच.

"काय गं सूनबाई, कधीची माझ्या मागे येतेयस. मला दुसरी बायको झेपायची नाही हं. पहिलीच अजून झेपत नाहीये."

पिकअपमधली माणसे खो खो हसली. मामंजी मागे राहिले होते, पण कुठे, कधीपासून, हे तिला सांगता येत नव्हते. ती उलट्या पावली पळत सुटली.

गेल्या हिवाळ्यापासून मामंजींचे डोके ठिकाणावर नव्हते. गोचीड मारायला गुरांना औषधी पाण्यात बुडवायचा हौद बंद पडून जमाना झाला होता, तरी ते गुरे घेऊन तिकडे निघत. एकदा नदीकाठी बसलेले सापडले, घर कुठल्या बाजूला ते आठवत नाही म्हणून. पण तंबाखू घ्यायला ते स्वतःच जाणार. पान चुरगाळून हुंगल्याशिवाय घ्यायची नाही ही त्यांची जुनी खोड. दर वेळी आत्याबाई, म्हणजे नोसाखेलेच्या सासूबाई, सोबत यायच्या. या खेपेला त्यांचा गुडघा सुजला आणि सुनेवर पाळी आली. निघताना त्यांनी बजावले, म्हाताऱ्याला नजरेआड होऊ देऊ नकोस.

आणि याच आत्याबाईंनी, ती लग्न होऊन आली त्या संध्याकाळी, तिला चटईवर बसवून सांगितले होते की सासऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाही. त्यांचे नाव घ्यायचे नाही. त्या नावात पाऊस आहे म्हणून पावसाला पाऊससुद्धा म्हणायचे नाही, वरचे पाणी म्हणायचे. नजरेआड होऊ द्यायचे नाही आणि नजर वर करायची नाही, ही दोन्ही कामे एका माणसाने कशी करायची ते मात्र आत्याबाईंनी सांगितले नाही. सांगणाऱ्याचे काय जाते?

तिने काढलेला मार्ग सोपा होता. ती जोडे बघायची. घरात, अंगणात, गोठ्यात, तीन वर्षे ती सासऱ्यांना जोड्यांवरून ओळखत आली होती. अंगणात ते जोडे एकटेच होते. बाजारात तसे जोडे किती जणांच्या पायांत असतील, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

तंबाखूवाल्या बायकांच्या रांगेत ती पोचली. हो, एक म्हातारा येऊन हुंगून गेला, एकीने सांगितले. कुठल्या बाजूला गेला ते कोण बघतेय. नोसाखेले तिथून कोंबड्यांच्या पिंजऱ्यांकडे गेली, तिथून मेंढ्यांची मुंडकी भाजणाऱ्यांकडे. सकाळी याच धुराने तिच्या तोंडाला पाणी सुटले होते. आता तोच धूर घशात अडकत होता, आणि त्यातून वाट काढणारा प्रत्येक म्हातारा मामंजी होता आणि नव्हताही. "बाबा!" तिने हाक मारली. रस्त्यावरचे निम्मे पुरुष वळले. "जोला!" म्हणून तिने कुळाचे नाव घेतले, एरवी सारा गाव त्यांना त्याच नावाने बोलावतो. तेव्हा पाच-सहा जण वळले, आणि त्यांतला एक म्हणाला, "कुठला जोला पाहिजे? आम्ही पुष्कळ आहोत."

शालीच्या आत फोन थरथरला. आत्याबाई. तिने उचलला नाही. काय सांगणार होती?

मागच्या वर्षी पलीकडच्या गावचा एक म्हातारा याच बाजारातून असाच हरवला होता. कित्येक आठवड्यांनी चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या बायकांना तो सापडला, आणि त्या बायका पुन्हा मळ्याच्या त्या कोपऱ्यात गेल्या नाहीत. नोसाखेलेला ते आठवायचे नव्हते. पण नको ते आठवायला मनाला कधी वेळ लागतो का?

टॅक्सीच्या थांब्यावर गाड्या लावून घेणाऱ्या एका पोराने तिला विचारले, म्हातारा दिसायला कसा आहे. उंच की बुटका? मामंजी बसलेले असताना ती समोर गुडघे टेकून ताट ठेवायची, उभे असताना मागे असायची. उंच असावेत, ती म्हणाली. दाढी आहे? असावी. नाक? डोळे? ती जोड्यांचे वर्णन करू लागली. पोरगा वैतागला.

"अगं, घरातलाच माणूस ना? तोंड कधी बघितलंस की नाही?"

"नाही," ती म्हणाली. "मी सून आहे."

पोरगा हसणार होता, पण शेजारी मका भाजणाऱ्या बाईने त्याच्याकडे असे पाहिले की त्याचे हसू ओठांवरच राहिले. त्या बाईने नोसाखेलेला खुणेने जवळ बोलावले आणि हळूच सांगितले, वळणापाशी एका म्हाताऱ्याला गाडीने उडवलेय, लोक जमलेत, एकदा बघून ये.

वळण जवळच होते. गर्दीच्या मधोमध राखाडी घोंगडीखाली कोणीतरी आडवे होते. घोंगडीबाहेर दोन पाय, अनवाणी. कोणा पुण्यवंताने तेवढ्यात जोडेही लांबवले होते. नोसाखेले त्या पायांकडे बघत राहिली. जोड्यांशिवायचे सासऱ्यांचे पाय तिने कधी पाहिले नव्हते.

पोलिसातली बाई जाडजूड, थकलेली होती. तिने नाव विचारले. नोसाखेलेने मान हलवली. पोलिसबाईने तिच्या शालीकडे, डोक्याला घट्ट बांधलेल्या रुमालाकडे पाहिले आणि उसासा सोडला. बिचारीला नाव का घेता येत नाही ते तिला न सांगता समजले, कारण तीही कुणाच्या तरी घरची सून होती.

"बरं, नाव राहू दे. तोंड बघ आणि हो की नाही एवढंच सांग."

घोंगडी वर झाली. तीन वर्षांत पहिल्यांदा नोसाखेलेने एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिले. पांढरी दाढी, अर्धवट उघडे तोंड, गालाला लागलेली माती. हेच ते असतील. नसतीलही. तिने त्या चेहऱ्यात आपल्या नवऱ्याचे, लुबाबालोचे नाक शोधले, आपल्या तान्ह्या मुलीचे कपाळ शोधले. क्षणभर सापडले असे वाटले, क्षणभर नाही. ज्या माणसाच्या घरचे खाल्ले, तो मेलाय की नाही हे तिला त्याच्याकडे बघूनही कळत नव्हते.

"हात दाखवा," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"त्यांचा डावा हात. रोज ताट देते मी. हात ओळखते."

पोलिसबाईने खाली वाकून घोंगडीतून हात काढला. पाचही बोटे धड होती. मामंजींच्या डाव्या तर्जनीचे पेर तरुणपणी खाणीत कामाला असताना गेले होते. नोसाखेले मटकन रस्त्यावरच बसली आणि हसू लागली, मग तिचे तिलाच वाईट वाटले. हाही कुणाचा तरी बापच होता, आणि त्याची सून अजून कुठल्या तरी रांगेत भाव करत उभी असेल.

सावल्या लांबल्या होत्या. गावाकडे जाणारी शेवटची पिकअप भरत आली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाजाराच्या तोंडाशी उंदराचे औषध विकणारा एक माणूस भोंग्यातून ओरडत होता. नोसाखेले त्याच्याकडे धावली. त्याच्याच खोक्याचा तुकडा घेऊन, त्याच्याच पेनाने तिने सासऱ्यांचे नाव लिहून दिले. लिहिणे म्हणजे काही बोलणे नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. माणूस भला होता. उंदीर, झुरळे, ढेकूण आणि झानेम्वुला, असे त्याने एका दमात चार-पाच वेळा पुकारले. कोणी मान वर करून पाहिले नाही. त्या आवाजाला बाजार सकाळपासून सरावला होता.

पिकअपमध्ये गावच्याच बायका होत्या, सगळ्या जोलांच्या सुना. त्यांच्यात मामझिझी होती, आत्याबाईंची जाऊ, जिच्या कानात पडलेले काहीही गावभर व्हायला चूल पेटायचाही अवकाश लागत नाही. ड्रायव्हर म्हणाला, आता निघायला हवे, अंधारात नदीचा उतार घेणार नाही. नोसाखेले मागच्या फळीवर चढली. ती काय करणार हे मामझिझीने तिच्या तोंडावरून ओळखले असावे.

"नोसाखेले, खाली बस. ते नाव आपल्या तोंडात नाही. घरात तान्हं मूल आहे तुझं, त्याचा तरी विचार कर."

तोच विचार ती करत होती. नाव घेतलेल्या सुनांच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या. एकीचे मूल तापाने फणफणून गेले, एकीला दंडाचा बकरा आणायला माहेरी पाठवले. गेलेली माणसे ऐकत असतात, आणि त्यांना दया येत नाही. तिला पोरीचे कपाळ आठवले, दुधाचा वास आठवला. पण डोळ्यांसमोर चहाचा मळाही होता.

"झानेम्वुला!"

आवाज चिरकाच निघाला. मामझिझीने दोन्ही कानांवर हात दाबले. कोणीतरी हं हं म्हणून तिच्या शालीचा पदर ओढला. तो सोडवून घेत नोसाखेलेने छाती भरून घेतली आणि पुन्हा हाक दिली, लांब, डोंगरावरच्या पोराला खालून देतात तशी.

"झाऽनेम्वुलाऽऽ!"

रस्त्यापलीकडे खाणींकडे जाणारी मोठी बस उभी होती. इंजिन सुरू होते, कंडक्टर दार लावत होता. आतून एक काठी दारात आडवी आली, आणि काठीमागून एक म्हातारा उतरला. टोपी हातात, काखेत तंबाखूची पुडी. तो सरळ रस्ता ओलांडून येऊ लागला, इकडे तिकडे न बघता. गाड्यांनी करकचून ब्रेक दाबले. नोसाखेले फळीवरून उडी मारून धावली.

तो तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि सरळ तिच्या तोंडाकडे बघू लागला. तिनेही मान खाली घातली नाही. लुबाबालोचे डोळे होते ते, फक्त पाणावलेले.

"आलो गं आई," मामंजी म्हणाले. "मारू नकोस. वासरं सगळी आणलीत."

त्या माणसाला उभ्या जन्मात नावाने हाक मारलेली बाई एकच, आणि ती जाऊन किती पावसाळे झाले होते. मागे पिकअपमधून सगळ्या बघत होत्या. मामझिझीसुद्धा.

"बरं झालं आणलीस," नोसाखेले म्हणाली. "चल बाळा, घरी चल."

त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला, पेर नसलेल्या बोटासकट. पिकअपमध्ये बायकांनी अंग चोरून जागा दिली. मामंजींनी तिच्या खांद्याला डोके टेकले आणि उतार लागायच्या आत ते झोपी गेले. फोन पुन्हा थरथरू लागला. तो घ्यायला हात मोकळा नव्हता, आणि सोडवून घ्यायची तिची छाती नव्हती. दिवसभर ती त्यांना शोधत फिरली होती. आता ती याच धास्तीने श्वास रोखून बसली होती, की गाडीच्या धक्क्याने मामंजी जागे होतील, भानावर येतील, आणि हात कुणाचा धरलाय ते ओळखतील.