सहावा लॅपटॉप

डोणगावच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत किसनरावांचा एकच कायदा होता: पंक्तिभेद चालणार नाही. पंखा लागला तर सगळ्यांच्या डोक्यावर, खिचडी आली तर सगळ्यांच्या ताटात. माणूस एसटीतला निवृत्त कंडक्टर, त्यामुळे शब्द कडक आणि आवाज त्याहून कडक. बुलडाण्याच्या एका कॉलेजानं भंगारात काढलेले सहा लॅपटॉप त्यांनीच चिकाटीनं मागून आणले आणि प्रतीक्षाच्या हवाली केले. प्रतीक्षा डिप्लोमा करून गावात परत आलेली. म्हाताऱ्या लॅपटॉपना विकतची सिस्टीम पेलवेना, म्हणून तिनं त्यांत फुकटची लिनक्स घातली. दोन वर्षं सुरळीत चाललं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मात्र पोरीनं आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. तिनं सहाही लॅपटॉप एका बैठकीत अपडेट केले. शहाण्या माणसानं आधी एकच करून, चालवून पाहिला असता आणि मग बाकीच्यांना हात लावला असता. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण एकच नवा करायचा आणि पाच जुने ठेवायचे, तर किसनराव विचारणार, "त्याले काऊन येगळं?" म्हणून सगळे एकदमच. वर जागा अडते म्हणून सिस्टीमचा जुना गाभाही तिनं सहाही ठिकाणांहून पुसून टाकला, म्हणजे काही बिघडलं तर मागं फिरायची वाटही उरली नाही.

रविवारी दुपारी बारा वाजता तिनं अपडेटनंतर पहिल्यांदाच लॅपटॉप सुरू केले, तर एकाच्याही कोपऱ्यात वायफायची खूण नव्हती.

परीक्षा दोन वाजता होती. पुण्यातली एक संस्था बारावीच्या पोरांना वर्षभर ठेवून घेऊन फुकट शिकवायची, तिची ही निवड परीक्षा. सव्वादोनपर्यंत आत शिरलात तर शिरलात, नाहीतर पुढच्या वर्षी वयात बसत नाही. अभ्यासिकेतली सहा पोरं बसणार होती. त्यांत किसनरावांची नात महामाया. मोबाइलवर ही परीक्षा चालत नव्हती.

"काय झालं बाई?" किसनराव.

"कार्ड दिसून राह्यलं, काका. पण नव्या सिस्टीमले त्याचा ड्रायव्हर भेटत नाही. गाडी उभी हाय, चालवणारा नाही."

कंडक्टरला यापुढे काही समजावावं लागलं नाही. ते पोरांना घेऊन बाहेर बसले.

ड्रायव्हर नेटवर होता आणि नेट ड्रायव्हरशिवाय नव्हतं. वायर लावायला या पातळ लॅपटॉपना खाचही नव्हती, आणि अभ्यासिकेचं वायफाय तिच्या जुन्या फोनला पकडत नव्हतं. प्रतीक्षानं आपला फोन खिडकीच्या गजाला टेकवला, कारण रेंज तिथेच एक दांडी यायची, आणि केबलनं पहिला लॅपटॉप फोनला जोडला. त्या एका दांडीवर फाइल उतरायला पाऊण तास गेला. ड्रायव्हर बसवायचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा तो बसला. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि वायफायची खूण उगवली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. मग पेनड्राइव्हवरून तीच फाइल बाकीच्यांत घातली. दोन, तीन, चार, पाच. सहाव्यानं मात्र नकार दिला.

तिनं लॅपटॉप उलटा करून मागचं झाकण उघडलं. आतलं कार्ड दुसऱ्याच कंपनीचं निघालं. कॉलेजात कधीतरी कुणीतरी बदललेलं असणार. पाचांचा ड्रायव्हर त्याच्या काही कामाचा नव्हता.

पावणेदोन वाजले होते.

"पाच झाले, काका. याचा ड्रायव्हर येगळा हाय. अजून अर्धा तास तरी लागन."

"याले फोनच्याच नेटवर भागव ना."

"परीक्षेत क्यामेरा सारखा चालू लागते. येवढ्या रेंजवर टिकत नाही. मंघाच पाहून घेतलं मी."

किसनराव दारात उभे राहिले. सहा तोंडं त्यांच्याकडे लागली होती. चिठ्ठ्या टाकू, असं प्रतीक्षाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात त्यांनी बोट दाखवलं.

"महामाया, तू त्या सहाव्यावर बस. बाकीचे आपापल्या जाग्यावर जा."

पोरगी हूं की चूं न करता सहाव्यासमोर जाऊन बसली. बाकीच्या पाचांनी मान खाली घातली, आणि प्रतीक्षाला त्या पाचांचाही राग आला, स्वतःचा तर होताच.

पुढचा अर्धा तास तिनं जिवाचं रान केलं. त्या कार्डाची नेमकी फाइल सापडून उतरली दोन वाजून चार मिनिटांनी. नव्या गाभ्याशी त्या फाइलचं जमेना. लाल अक्षरांत चूक आली, ती निस्तरली तर दुसरी आली. शेजारी महामाया हाताची घडी घालून बसली होती. पाच लॅपटॉपवर माउसची टिकटिक सुरू झाली होती. सव्वादोन वाजले तेव्हा पडद्यावर अजून ओळी सरकत होत्या. वायफायची खूण आली दोन बावीसला. महामायानं स्वतःच पान उघडून पाहिलं. प्रवेश बंद, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"लागलं, ताई," ती म्हणाली, आणि लॅपटॉप हळूच मिटला.

प्रतीक्षा बाहेर आली. किसनराव पायरीवर बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली.

"चूक माही हाय, काका. सगळे एकदम कराले नव्हते पायजे. एक मांगं ठेवाले पायजे होता."

किसनराव म्हणाले, "पाटलाच्या लग्नात आमची पंगत सगळ्याईच्या मांगून बसे. आमच्यापावतर येयेपर्यंत बुंदी सरून जाये. आठ-नऊ वर्सांचा होतो मी. तवाच ठरवलं, माह्या हातात वाढप आलं त कोनाले शेवटी बसवनार नाही." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आमाले लोकाईनं बसवलं होतं. हिले त मीच बसवलं."

"आपल्या घरचं माणूस मांगं ठेवलं तुमी. लोकाचं नाही."

"म्हनून त केलं."

मागं दारात महामाया उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"आबा, मी हावच म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण तुमी मले इचारलं काऊन नाही?"