ओलेटाच्या पाली

माझा थोरला भाऊ व्हर्लन गेला तेव्हा त्याची बायको ओलेटा त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. दोघं त्यांच्या गॅरेजमध्ये होती आणि शेगडीवरच्या भांड्यात प्लास्टिक वितळत होतं.

बास माशासाठी गळाला लावायच्या मऊ प्लास्टिकच्या पाली बनवणं हा त्यांचा जोडधंदा. वीतभर लांबीची पाल, चार लुसलुशीत पाय, पाण्यात वळवळणारी शेपटी. साचे त्याचे, रंग तिचे. कलिंगडाच्या सालीचा हिरवा, भोपळ्याचा तपकिरी, आणि काळ्या अंगाची निळ्या शेपटीची एक, ती तर तिच्याशिवाय कुणाला जमायचीच नाही. आमच्या अलाबामातल्या या तळ्यावर वसंतात ज्याच्या डब्यात ओलेटाची पाल नाही असा माणूस सापडणार नाही, असं मी म्हणेन. पण माझं तळ्याकाठी गळ-आमिषांचं दुकान आहे आणि मी त्याच पाली विकतो, तेव्हा माझं म्हणणं थोडं कमी करून घ्यावं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. व्हर्लन म्हणाला, "जरा बसतो गं," आणि न बसताच खाली पडला. ओलेटा वाकली, त्याच्या मानेला हात लावला, तोंडाजवळ कान नेला. तिला कळलं. मग ती उठली आणि शेगडीकडे वळली. प्लास्टिक अगदी ओतायच्या बेताला आलं होतं, आणखी थोडं थांबलं असतं तर करपलं असतं. तिने ते साच्यांत ओतलं, शेवटच्या साच्यापर्यंत. शेगडी बंद केली. मग फोन केला.

हे तिने शेरिफच्या माणसाला स्वतःहून सांगितलं. त्याने विचारलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले की व्हर्लन जमिनीला टेकायच्या आधीच गेला होता, फोन आधी केला असता तरी काही उपयोग नव्हता. पण शेरिफचा माणूस कुणाचा तरी चुलतभाऊ निघाला आणि रविवारपर्यंत चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय होता. नवरा पायाशी पडलेला आणि ही बाई साचे भरत होती.

अंत्यविधीला ती रडली नाही. काळा कोट घालून सरळ बसली. पाद्र्याची बायको मॉडीन तिचा हात धरून म्हणाली, "रड गं बाई. मोकळी हो."

"येत नाही," ओलेटा म्हणाली. पंगतीत कुणी आणखी वाढू का विचारावं आणि पोट भरलंय म्हणावं, तसं.

मी तिच्या शेजारीच होतो. मला तेव्हा काय वाटलं ते सांगायचं तर काहीच वाटलं नाही. बूट चावत होते, तेवढं आठवतं. त्यानंतर मी तिच्या घरी फारसा गेलो नाही. लोक म्हणाले, कोय, म्हणजे मी, भावजयीवर रागावलाय. मी रागावलो नव्हतो. सकाळी दुकान उघडत होतो, संध्याकाळी बंद करत होतो, मधल्या वेळात हीटरसमोर बसत होतो.

मार्च सरता सरता डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं आली. आमच्याकडे तीच खूण. ही फुलं आली की बास काठाच्या उथळ पाण्यात अंडी घालायला येतात आणि पालींना मागणी वाढते. एका सकाळी ओलेटा खोकं घेऊन दुकानात आली. तिने गल्ल्याशेजारी खोकं ठेवलं. दुकानात नेहमी येणारा ब्युफोर्ड पिकन्स तिथे कॉफी पीत उभा होता. त्याच्या जिभेला हाड नाही, कधीच नव्हतं.

"काय ओलेटा," तो म्हणाला, "साचे भरले का सगळे? की मध्येच थांबावं लागलं?"

ओलेटाने खोकं त्याच्याकडे सरकवलं.

"भरले," ती म्हणाली. "उघडून बघ. एकीचाही पाय तुटका निघाला तर परत आण."

ब्युफोर्डने कॉफीच्या कपात तोंड घातलं. पैसे ठेवून निघून गेला. ओलेटा मात्र गेली नाही. खोक्यातली एक हिरवी पाल काढून तिने तळहातावर घेतली.

"कोय, ही पाण्यात करते काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे करते काय? जन्मभर ओततेय. पाण्यात एकदाही पाहिली नाही."

"व्हर्लनने कधी नेलं नाही तुला?"

"त्याचं म्हणणं, बायका होडीत बसल्या की बोलतात."

"तू कुठे बोलतेस?"

"तेच तर."

मी दारावरची पाटी 'बंद'कडे उलटी केली. त्या दिवशी दुकानात काही राम नव्हता, निदान माझ्यासाठी नव्हता.

माझी होडी पत्र्याची आहे, तळ सपाट, पुढे विजेवर चालणारी लहान मोटर. ओलेटा पुढच्या बाकावर बसली. पाण्याची चकाकी मारणारा चष्मा मी तिला दिला, तो तिच्या नाकावरून घसरत होता. उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेल्या तळ्याच्या एका फाट्यात शिरलो. पाणी तिथे कमरेएवढं आणि कोऱ्या चहासारखं स्वच्छ, तांबूस. मी मोटर बंद केली.

"तिकडे बघ. त्या बुंध्याच्या अलीकडे. तळाशी गोल दिसतंय?"

"झाडाला आळं करतात तसं?"

"तसंच. शेपटीने झाडून केलंय त्याने. आत अंडी आहेत. वर तो उभा आहे बघ."

थोड्या वेळाने तिला दिसला. फार मोठा नव्हता. हिरवट, कुशीवर काळा पट्टा, कल्ले हलत होते, बाकी सगळा जागच्या जागी.

मी गळात पाल कशी ओवायची ते दाखवलं. गळाचं टोक पालीच्या अंगातच लपवायचं, पुढे शिशाचा लहान तुकडा. तिला एकदाच दाखवावं लागलं. फेकणं मात्र जमेना. पहिल्यांदा पाल झाडावर गेली, दुसऱ्यांदा माझ्या टोपीला लागली. "तू मध्ये बसतोसच कशाला?" ती म्हणाली. "माझीच होडी आहे म्हणून," मी म्हणालो. तिसऱ्यांदा पाल आळ्याच्या पलीकडे पडली आणि मी सांगितल्याप्रमाणे तिने तंगुसाची दोरी हळूहळू ओढून ती आळ्याच्या मधोमध आणली.

"आता काही करू नकोस. नुसती टोकाने हलव."

पाल तळाशी बसली, शेपटी थरथरली. मासा वळला. तोंड उघडून त्याने पाल शेपटीकडून उचलली, आळ्याच्या काठापर्यंत नेली, बाहेर थुंकली आणि परत आपल्या जागी येऊन उभा राहिला.

"खाल्ली नाही," ती म्हणाली.

"खायची नाहीच त्याला. पाण्यातल्या पाली, बेडक्या, सगळी अंड्यांवर टपलेली असतात. घरात शिरलेली वस्तू तो उचलून बाहेर टाकतो."

"हा नर आहे?"

"नर. मादी अंडी घालून खोल पाण्यात जाते. राखण याच्याकडे."

"कुठवर?"

"पिल्लं सुटी होईपर्यंत."

"मग खातो काय तोवर?"

"जवळजवळ काहीच नाही."

तिने पाल पुन्हा आळ्यात आणली. त्याने पुन्हा बाहेर टाकली. पुन्हा आणली, पुन्हा टाकली. ऊन वर आलं, माझी मान भाजायला लागली. मी म्हणालो, उचलली की झटका मार, गळ बसेल. तिने मान डोलावली आणि झटका मारला नाही. ती नुसती बघत राहिली.

"राग येतो का रे त्याला?"

"माशाला राग येतो की नाही कोण जाणे. समोर काही आलं की त्याचं जे करायचं ते करतो, झालं."

तिने पाल पुन्हा आळ्यात आणली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी ते करपायला आलं होतं, कोय."

"हं."

"एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं मनात."

"माहीत आहे," मी म्हणालो. माहीत होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हा म्हणालो.

पुढच्या खेपेला त्याने पाल शेपटीकडून नाही, गळ होता त्या डोक्याकडून घेतली, आणि ओलेटाचा हात आपसूक वर गेला. गळाची काठी वाकली. मासा बुंध्याकडे पळाला, मग वर आला, पाणी फोडून हवेत उसळला. तिने ना आरडाओरडा केला, ना हसली. कपडे वाळत घालावेत तशा चेहऱ्याने रीळ फिरवत राहिली. मी जाळ्याने मासा होडीत घेतला, तेवढ्यात तिची नजर पलीकडे गेली.

"ते काय आहे?"

आळ्यावर ब्लूगिल उतरले होते. तळहाताएवढे मासे, कुठून येतात कळत नाही, राखण हलली की झुंडीने येतात. डोकी खाली, शेपट्या वर, अंडी टिपत होते.

"अंडी खातायत," मी म्हणालो.

"मग सोड याला."

"गळ तर काढू दे."

"सोड लवकर! कोय, सोड!"

भावाच्या लग्नापासून मी तिला ओळखतो. तिचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. माझी बोटं ओली होती, गळ जबड्याच्या कडेत बसला होता, निघता निघेना. तिने माशाचा खालचा ओठ स्वतःच्या चिमटीत धरला, दुसऱ्या हाताने पक्कड घेऊन एका पिळ्यात गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडलं. तो आधी होडीखाली गेला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. मग तो तिकडून निघाला तो थेट आळ्यावर. ब्लूगिल पांगले. एकजण परत आला, त्याच्या अंगावर हा धावून गेला. मग पाणी निवळलं आणि तो पहिल्यासारखा उभा राहिला, कल्ले हलवत.

"किती गेली?"

"थोडी गेली असतील. सगळी नाहीत."

ओलेटाने काठी आडवी ठेवली. तिच्या बाहीला माशाचा बुळबुळीतपणा लागला होता, तो तिने पुसला नाही. पिशवीतून चीजची सँडविचं काढून एक मला दिलं. आम्ही खाल्ली. एक बगळा आला आणि गेला.

"तू रडलास?" तिने विचारलं.

"कधी?"

"कधीही. फेब्रुवारीपासून."

मला विचार करावा लागला. "नाही."

"का?"

"मला कुणी विचारलंच नाही. सगळे तुलाच विचारत होते."

"मी विचारतेय."

"नाही आलं," मी म्हणालो. "मलापण येत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि उरलेला पावाचा तुकडा पाण्यात टाकला.

घरी परतताना वाटेत मासळी तळणाऱ्या खानावळीत थांबलो. वाढायला एक जाडजूड, साठीची बाई होती. तिने आम्हाला नवरा-बायको समजून विचारलं, "दोघांत एकच ताट आणू का, राजांनो?"

"हा माझा दीर," ओलेटा म्हणाली. "नवरा फेब्रुवारीत गेला."

"अरेरे. कशानं गं?"

आणि ओलेटाने सांगितलं. फक्त हृदय बंद पडलं एवढंच नाही, सगळं. शेगडी, भांडं, साचे, मग फोन. त्याच सपाट आवाजात. मी टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत राहिलो. बाईने ऐकून घेतलं, पेन कानामागे खोचलं.

"माझी आई गेली तेव्हा मी आधी दुधाच्या बाटल्या आत आणल्या," ती म्हणाली. "दारात होत्या. उन्हाने नासल्या असत्या." मग म्हणाली, "कोबीची कोशिंबीर चालेल ना?"

"चालेल," ओलेटा म्हणाली.

तिने पूर्ण ताट संपवलं. माझ्यातले दोन तुकडेही घेतले.

त्यानंतर ती दर आठवड्याला माझ्याबरोबर येऊ लागली. फेकणं तिला चांगलं जमलं, माझ्यापेक्षा चांगलं, पण आळ्यावरचा मासा तिने पुन्हा धरला नाही. खोल पाण्यातले धरायची. गावातल्या बोलण्याचं म्हणाल तर ते कुणी थांबवलं नाही, आपोआप विरलं. मे महिन्यात चर्चच्या खजिनदाराने बायको सोडली आणि लोकांना नवा विषय मिळाला. मॉडीन अजून मला मधूनच विचारते, "ओलेटा रडली का रे कधी?" मी सांगतो की मला ठाऊक नाही. खरंच नाही. तिच्या स्वयंपाकघरात ती काय करते ते मी बघायला जात नाही.

मी मात्र रडलो. पुढच्या डिसेंबरात, रस्त्याच्या कडेला, ट्रकचं टायर बदलताना. एक बोल्ट गंजून बसला होता, हलेना. फार वेळ नाही रडलो. मग बोल्टवर तेल टाकलं, ते मुरेपर्यंत थांबलो आणि टायर बदलून दुकानात गेलो.