अंबुजाची पल्लांगुळी

आमच्या संशोधन संस्थेत कॉम्प्युटर एकच होता आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुली दोघी: तंजावरच्या मराठी घरातली अंबुजा आणि पुण्याहून आलेली मी. दोघींच्या नेमणुका हंगामी. महिनाअखेर एकीलाच कायम करणार, असं चंद्रमौळी सरांनी सांगितलं होतं. कसोटी साधी: जिचे प्रोग्रॅम यंत्रावर कमी अडतील, कमी चुकतील, ती.

अंबुजाचे अडतच नसत. प्रोग्रॅमची एकेक ओळ छिद्रांनी टिपलेल्या माझ्या कार्डांचा गठ्ठा मात्र वरचेवर परत यायचा. मी आवडी नावाच्या लांबच्या उपनगरातून लोकलगाडीने धापा टाकत पोचायचे, तेव्हा ती वेणीत ताजी फुलं माळून टेबलाशी शांत बसलेली असायची. जेवणानंतर रोज कापडी पिशवी घेऊन ती जिन्याखाली जाई. तिथे तिला कोणीतरी मदत करतं, अशी माझी खात्रीच झाली होती.

एका दुपारी मी मागोमाग गेले.

ती एकटीच होती. पुढ्यात पल्लांगुळी, म्हणजे इथल्या बायका खेळतात तो खळग्यांचा लाकडी पट. प्रत्येक खळग्यापाशी खडूने एकेक अक्षर. खळगे ही यंत्राची स्मृती, चिंचोके हे आकडे. इमारतीच्या तुळयांवरचा भार काढणाऱ्या प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचून ती चिंचोके हलवत होती. ओळ सांगेल तेवढेच.

"काय गे पुणेकरीण, हेरगिरी?" मान वर न करता ती म्हणाली.

"पोरखेळ बघतेय."

"बघ की. यंत्राला अक्कल नाही, म्हणून मीही रोज थोडा वेळ माझी बाजूला ठेवते. तुला तर सहज जमेल."

इतकी साधी सवय. मला का सुचली नव्हती?

पहिल्या तुळईचं गणित संपलं. दुसरीचं सुरू करण्याआधी तिने बेरजेचा खळगा सहज ओंजळीत रिकामा केला. मी तिच्या कागदावर नजर फिरवली. बेरीज शून्य करण्याची ओळ त्यात कुठेच नव्हती. डाव संपला की पट रिकामा करायचा, हे तिच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. यंत्राला तो हात नव्हता. उद्या सरांसमोर हा प्रोग्रॅम यंत्रावर चालला की पहिल्या तुळईची बेरीज दुसरीत मिसळणार होती.

मला फक्त गप्प राहायचं होतं. मी वळलेही. पण पाठीमागे ती गुणगुणू लागली, आणि तो निश्चिंत सूर मला सहन झाला नाही. ती चुकलीय आणि ते मला दिसलंय, हे तिला कळायलाच हवं होतं.

"तो खळगा कोणी रिकामा केला?"

"मी."

"कुठल्या ओळीने सांगितलं?"

तिचा हात तसाच थांबला. "अय्यो." तिचा उतरलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. अगदी मनसोक्त पाहिला.

दुसऱ्या दिवशी बेरीज शून्य करणारं एक जादा कार्ड घातलेला तिचा गठ्ठा न अडता पार पडला. महिनाअखेर ती कायम झाली, मी हंगामीच राहिले. मैसूरपाक पुढे करत ती म्हणाली, "ते कार्ड तुझं होतं."

"मग नोकरीही दे."

ती हसली. मी नाही.

मैलापूरहून मीही पल्लांगुळी आणली आहे. जेवणानंतर रोज बसते, तिच्यापासून दूर, गच्चीच्या दाराशी. सुरुवातीला पट मात्र स्वतःहून रिकामा करत नाही. कालचे चिंचोके जिथे असतील तिथेच राहू देते.