खोडलेली ओळ

वहिनी होती त्याच जाहिरात कंपनीत नणंद लागली, तेव्हा वहिनीनेच तिला टेबल पुसून दिलं होतं. पण साबणाच्या जाहिरातीसाठी नणंदेची ओळ निवडली गेली, मग शाम्पूसाठीही तिचीच, आणि वहिनीच्या पोटात निखारा पडला. धग घरापर्यंत आली. एका छपराखाली दोघी, पण बोलणं मिठापुरतं.

आज हातांच्या क्रीमची पाळी. तिथली रीत अशी, की सगळ्यांच्या ओळी बिननावाच्या, एकसारख्या छापून भिंतीवर टाचायच्या. मग ज्याला जी खटकेल ती त्याने खोडायची. खोडण्याचं कारण साहेबांना पटलं, की कागद खाली.

वहिनी वाचत गेली आणि एका कागदाशी थबकली.

‘ज्या हातांनी घर मऊ केलं, ते राठ का राहावेत?’

काळजाला कुणी ओल्या बोटाने शिवावं तसं झालं. ओळखीची वाटली, चांगली ओळ वाटतेच तशी. पलीकडे नणंद पेन चावत त्याच कागदाकडे बघत होती. हिचीच. हिलाच कशी सुचते मेली?

वहिनी उठली. "राठ हात दाखवले तर ट्यूब उचलेल का कुणी? दुखणं घरी आहेच की. विकत कशाला घ्यायचं?"

साहेबांनी मान हलवली. कागद खाली आला. शेवटी उरली साहेबांचीच ओळ: ‘मखमली हात, दिवसरात’.

"मखमल आमच्या सोफ्यालाही आहे," हिशेबनीस काका पुटपुटले.

जिन्यात नणंदेने गाठलं. "वहिनी, तुम्हीच का खोडलीत?"

"कामात नातं कसलं गं?"

"नात्याचं नाही. ओळ तुमची होती. परवा आईच्या हातांना क्रीम चोळताना तुम्हीच म्हणालात. मी दारात ऐकलं, आणि तीच दिली. निवडली गेली की सांगणार होते सगळ्यांना, वहिनीची आहे म्हणून."

"मग आधी बोलायचंस."

"तुम्ही बोलू देता कुठे हल्ली?"

संध्याकाळी सासूबाईंनी सवयीने हात पुढे केले. वहिनी क्रीम चोळत राहिली.

"आज मुकी का गं? परवा किती गोड बोललीस."

वहिनीने ओठ हलवून पाहिले. शब्द सगळे पाठ होते, पण तोंडून फुटेनात. कुणाचा हेवा न करता सहज बोलून गेलेली ती परवाची बाई, ती स्वतःच, आठवली, आणि पोटातला निखारा पुन्हा फुलला. या खेपेला त्या बाईच्या हेव्याने.